हसवणारा सॅक्सोफोन : लुईस जॉर्डन

रविवारची सकाळ आहे. कुणाचा चहा व्हायचा असेल, कुणी मुलांना मराठी शाळेत सोडायला गाडीत असेल. आज मी तुम्हाला एका सॅक्सोफोनवाल्याची गोष्ट सांगणार आहे. तो गायचाही. आधीच कबूल करतो, मी संगीतातला जाणकार नाही. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरचे प्रोजेक्ट करतो. त्यामुळे राग, सूर, हार्मनी यांत माझं काही चुकलं तर आपल्यातल्या तज्ज्ञांनी कार्यक्रम संपल्यावर फोन करावा, मधेच नको.

सुरुवात एका बोक्यापासून करू. टॉम अँड जेरी तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्यात एक भाग आहे, १९४६ सालचा. टॉम रात्री एका मांजरीच्या खिडकीखाली येतो. अंगणातल्या बुलडॉगला आधी बांधून ठेवतो, मग डबल बेस वाजवत अगदी रंगात येऊन गाणं म्हणतो. जेरीची झोपमोड होते आणि पुढचा गोंधळ तुम्हाला माहीत आहे. डोंबिवलीला आमच्याकडे केबल आली तेव्हा मी हा भाग किती वेळा पाहिला असेन, याचा हिशेब नाही. ते गाणं मला पाठ होतं. शब्द कळत नव्हते, पण पाठ होतं.

त्या गाण्याचं नाव 'इज यू इज ऑर इज यू एन्ट माय बेबी'. कार्टूनमधला आवाज दुसऱ्या गायकाचा आहे, पण गाणं लुईस जॉर्डनचं. बिली ऑस्टिन नावाच्या साथीदाराबरोबर त्याने ते लिहिलं आणि १९४४ मध्ये ते अमेरिकाभर गाजलं. म्हणजे या माणसाचं गाणं डोंबिवलीतल्या वन रूम किचनपर्यंत पोचलं होतं आणि त्याचं नाव मला वयाच्या पस्तिशीपर्यंत माहीत नव्हतं. आजची गोष्ट थोडीफार याचीच आहे. गाणं सगळीकडे पोचतं आणि माणूस मागे राहतो, असं का होतं?

लुईस जॉर्डनचा जन्म ८ जुलै १९०८ चा, आर्कान्सा राज्यातल्या ब्रिंक्ली या छोट्या गावातला. वडील संगीत शिकवायचे आणि बँड चालवायचे. त्यांनी मुलाच्या हातात आधी क्लॅरिनेट दिली, सॅक्सोफोन नंतर आला. पोरवयातच तो 'रॅबिट फूट मिन्स्ट्रेल्स' या फिरत्या कंपनीबरोबर गावोगाव हिंडला. आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखाच हा प्रकार. तंबू ठोकायचा, गाणी, नाच, विनोद, सगळं एकाच रात्री. समोरचा माणूस दिवसभर शेतात राबून आलेला असतो. त्याला कंटाळा आला तर तो उठून जातो. जॉर्डनचं पहिलं शिक्षण तिथलं आहे, हे लक्षात ठेवा. पुढे त्याने जे केलं त्याचं मूळ इथे आहे.

१९३६ मध्ये तो न्यूयॉर्कला चिक वेब या ड्रमरच्या बँडमध्ये लागला. हार्लेममधल्या सव्हॉय बॉलरूममध्ये नाचायला गर्दी लोटायची आणि तिथे चिक वेबचं राज्य होतं. त्याच बँडमध्ये एक विशीतली मुलगी गात होती. तिचं नाव एला फिट्झजेराल्ड. जॉर्डन ऑल्टो सॅक्सोफोन वाजवायचा, मधूनमधून गाणं म्हणायचा, निवेदनही करायचा. लोकांना तो आवडायला लागला. १९३८ मध्ये त्याने स्वतःचा बँड काढायचा घाट घातला आणि एलासकट काही जणांना 'चला माझ्याबरोबर' म्हणून विचारून ठेवलं. ते वेबच्या कानावर गेलं आणि याची नोकरी गेली. कॉर्पोरेटमध्ये आजही हेच होतं. फक्त आता आधी एचआरचा ईमेल येतो.

आता एला नाही, मोठा बँड नाही. जॉर्डनने हार्लेममधल्याच 'एल्क्स राँदेव्हू' नावाच्या क्लबमध्ये छोटा बँड उभा केला. ड्रमर टिंपनी, म्हणजे ते मोठे नगारे, वाजवायचा म्हणून बँडचं नाव पुढे पडलं 'टिंपनी फाइव्ह'. गंमत म्हणजे नाव पाचाचं राहिलं आणि माणसं बहुतेक वेळा सहा किंवा सात असायची. ट्रंपेट, ऑल्टो, टेनर असे तीन फुंकणारे, आणि ताल धरायला पियानो, बेस, ड्रम, पुढे गिटार.

इथे जरा माझ्यातल्या एमबीएला बोलू द्या. त्या काळी बँड म्हणजे पंधरा-सोळा माणसं. सोळा पगार, सोळा सूट, सोळा जणांची खोल्यांची सोय आणि एक अख्खी बस. मग युद्ध आलं. पेट्रोल आणि टायर रेशनवर गेले. तरुण वादक सैन्यात गेले. १९४४ मध्ये नाचगाणं असलेल्या हॉटेलांवर केंद्र सरकारने ३० टक्के कर लावला, मग काही महिन्यांत तो २० वर आणला. मोठे बँड धापा टाकायला लागले. जॉर्डनचा बँड दोन गाड्यांत मावत होता. आणि त्याने एक गोष्ट सिद्ध केली होती : तीन फुंकवाद्यं एकाच चालीवर, एका श्वासात, घट्ट वाजली तर हॉल तितकाच भरतो. मालकाला हॉल भरल्याशी मतलब.

पण बँड छोटा केला की प्रत्येक माणसाची चूक उघडी पडते. सोळा जणांत एक बेसूर झाला तर चालून जातं, सहात जात नाही. म्हणून जॉर्डनची शिस्त कडक होती. तालमी भरपूर आणि स्टेजवर कुठलंही ढिसाळपण खपायचं नाही. प्रेक्षकांना वाटायचं, ही पोरं मजा करतायत, सुचेल तसं वाजवतायत. प्रत्यक्षात विनोदाची जागासुद्धा ठरलेली असायची.

आता सीडर रॅपिड्सची गोष्ट. १९४१ च्या सुमारास जॉर्डन शिकागोच्या 'कॅपिटॉल लाउंज'मध्ये मिल्स ब्रदर्सच्या आधी वाजवायचा. नंतर त्याच्या एजंटने त्याला आयोवातल्या सीडर रॅपिड्सला 'फॉक्स हेड टॅव्हर्न' नावाच्या ठिकाणी मुक्कामाचं काम मिळवून दिलं. न्यूयॉर्कहून शिकागो ठीक आहे, पण तिथून आयोवा? कुणालाही ही पीछेहाटच वाटली असती. मी स्वतः एका प्रोजेक्टसाठी सीडर रॅपिड्सला आठ महिने काढलेत. जानेवारीत सकाळी सात वाजता गाडीवरचा बर्फ खरवडताना माणसाला आपण करिअरमध्ये नक्की कुठे चुकलो, असे प्रश्न पडतात. तिथल्याच एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत मला हा किस्सा सांगितला, आणि जॉर्डनचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

जॉर्डनने नंतर सांगितलं की आपल्या करिअरला वळण मिळालं ते फॉक्स हेडमध्ये. तिथे न्यूयॉर्कचे समीक्षक नव्हते, शिकागोचे प्रतिस्पर्धी नव्हते. विनोदी गाणी करून बघायची, बोलत बोलत गायचं, हावभाव करायचे, फसलं तर दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी. युद्धकाळच्या रेशनिंगवरचं 'रेशन ब्लूज' त्याला तिथेच सापडलं. प्रोजेक्टच्या भाषेत, प्रॉडक्शनपासून लांब त्याला एक चांगली टेस्टिंगची जागा मिळाली होती.

मग जे झालं त्याचे आकडे बघा. डेक्का कंपनीच्या त्याच्या रेकॉर्ड ज्यूकबॉक्समध्ये जायला लागल्या. पाच सेंटचं नाणं टाकायचं आणि गाणं ऐकायचं. १९४३ ते १९५० या काळात कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत त्याची १८ गाणी पहिल्या नंबरवर गेली. सगळे मिळून ११३ आठवडे तो पहिल्या नंबरवर होता. ११३ आठवडे म्हणजे दोन वर्षांहून जास्त. 'ज्यूकबॉक्सचा राजा' हे बिरुद त्याला उगाच नाही मिळालं.

आता एक गाणं ऐकू या. १९४६ चं, 'चू चू च'बूगी'. हे एकटं १८ आठवडे पहिलं होतं. ऐकताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, खाली चाललेला ताल. आगगाडीचा आहे, पण मला तो टांग्याच्या घोड्याच्या दुडक्या चालीसारखा वाटतो. एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. याला शफल म्हणतात. दुसरं, जॉर्डनचे उच्चार. एकही शब्द गिळलेला नाही.

(गाणं : चू चू च'बूगी)

पाय हलला ना? आता या गाण्यात काय आहे ते सांगतो. एक माणूस आगगाडीने शहरात येतो. खिशात पैसे नाहीत. स्टॉलवरचा पेपर उचलून नोकरीच्या जाहिराती वरपासून खालपर्यंत वाचतो. एकच जागा रिकामी आहे आणि तिलाही अंगात खास कसब असलेला माणूस हवाय. तो पेपर परत ठेवून देतो आणि म्हणतो, आपल्याला रुळाशेजारीच बरं. युद्ध नुकतंच संपलं होतं, हजारो तरुण सैन्यातून परत येऊन असेच पेपर चाळत होते. आमच्या धंद्यात दोन प्रोजेक्टच्या मधे 'बेंच'वर बसलेल्या माणसाला, आणि त्यातही ज्याच्या व्हिसाचे दिवस मोजले जातायत त्याला, हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. गाणं मात्र रडत नाही. नाचत नाचत पुढे जातं.

जॉर्डनच्या शैलीबद्दल थोडं बोलू. पहिलं त्याचं गाणं. त्याचा आवाज फार मोठा नाही, मधाळही नाही. पण तो गोष्ट सांगतो. चाल चालू असताना मधेच बोलायला लागतो आणि तरी ताल सुटत नाही. 'कॅल्डोनिया' या १९४५ च्या गाण्यात तो त्या बाईचं वर्णन गातो, मधे थांबून आई तिच्याबद्दल काय बजावते ते बोलून दाखवतो आणि मग तिचं नाव एकदम वरच्या पट्टीत किंचाळतो. 'बीवेअर' नावाच्या गाण्यात तर गाणं कमी आणि बोलणंच जास्त. सोंगाड्याची बतावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. आजची मुलं ऐकतात त्या रॅपचा हा आजोबा आहे, असं म्हणणारेही बरेच आहेत.

दुसरा त्याचा सॅक्सोफोन. ऑल्टो हा थोडा वरच्या आवाजाचा सॅक्सोफोन. जॉर्डनचा स्वर लखलखीत आणि धारदार आहे. रेकॉर्डची एक बाजू तीन मिनिटांची, त्यात सोलोला मिळणार अर्धं मिनिट. ब्लूजचं एक आवर्तन बारा बारचं असतं. चार मात्रांचा एक बार, असे बारा, आणि मग परत पहिल्यावर. तेवढ्यात काय ते सांगायचं. जॉर्डन तिथे बोटांचा वेग दाखवत बसत नाही. जे शब्दांत सांगत होता तेच पुढे वाद्यावर सांगतो. गाताना जिथे थांबून डोळे मोठे करायचा, तिथेच सॅक्सोफोनही थांबतो. खालचा सूर पकडून तो वर ओढत नेतो, एखाद्याने लाडात हाक मारावी तसा. मी सुरुवातीला त्याची गाणी शब्दांसाठी ऐकायचो. आता सॅक्सोफोनच्या अर्ध्या मिनिटासाठी थांबतो.

तिसरा त्याचा वावर. हे बघायला मिळतं ही आपली नशिबाची गोष्ट. त्या काळी 'साउंडीज' नावाचे तीन मिनिटांचे सिनेमे निघायचे. बारमधल्या मशीनमध्ये नाणं टाकलं की छोट्या पडद्यावर गाणं दिसायचं. जॉर्डनचे असे बरेच आहेत. झकपक सूट, गोल गोल फिरणारे डोळे, हातातला सॅक्सोफोन कधीही तोंडाला लागेल या बेतात, आणि मागे सगळा बँड एका तालात डुलतोय. १९४५ मध्ये 'कॅल्डोनिया' नावाचाच एक छोटा सिनेमाही निघाला. गावात कार्यक्रम यायच्या आधी थिएटरात सिनेमा येणार, लोक तो बघून तिकीट काढणार. मार्केटिंगच्या वर्गात आम्हाला हे २००० नंतर शिकवलं.

हे सगळं ऐकताना आपल्या लोकांना काहीतरी ओळखीचं वाटेल. १९५१ च्या 'अलबेला'ची गाणी आठवा. सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर, स्वतःच गाताहेत आणि गोव्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट बँडसकट पडद्यावर आहे. त्यांनी जॉर्डन ऐकला होता असं मी म्हणत नाही. पण त्या वर्षांत अमेरिकन स्विंगची हवा रेकॉर्डवरून आणि हॉटेलांतल्या बँडमधून मुंबईच्या स्टुडिओत पोचलेली होती. म्हणून आपला कान जॉर्डनला परका नाही.

आता जरा गंभीर. जॉर्डनच्या विनोदाखाली काय असायचं? त्याचं एक गाणं आहे कोंबड्यांवर, 'एन्ट नोबडी हिअर बट अस चिकन्स'. रात्री खुराड्यात खुडबुड होते, शेतकरी बंदूक घेऊन येतो, तर आतून उत्तर येतं की इथे आम्ही कोंबड्याच आहोत बाबा, झोपू दे, उद्या कामं आहेत. हे १७ आठवडे पहिल्या नंबरवर होतं. पोरंसोरं हसली, सगळं घर हसलं. पण अमेरिकेच्या दक्षिणेत रात्री बंदूक घेऊन दाराशी कुणीतरी येणं, हा ज्यांच्या घरात ऐकलेला अनुभव होता, ते लोकही हसले. त्यांच्या हसण्यात आणखी काहीतरी असणार, असं मला वाटतं.

'सॅटर्डे नाइट फिश फ्राय' तर उघडच आहे. १९४९ चं गाणं, इतकं लांब की रेकॉर्डच्या दोन्ही बाजू लागल्या. दोन मित्र न्यू ऑर्लिन्सला येतात. कुणाच्या तरी घरी मासे तळण्याचा बेत आहे, गाणं-नाच रंगलाय, हे पण घुसतात. तेवढ्यात पोलीस दार ढकलून आत येतात आणि सगळ्यांना गाडीत घालून नेतात. शेवटी आपला गडी तुरुंगाची हवा खाऊन ठरवतो की परत मासे नकोत. शनिवारी रात्री स्वतःच्या घरात जमलेल्या कृष्णवर्णीय लोकांवर पोलिसांची धाड, ही बातमी १९४९ मध्ये कुठल्या पेपरने पहिल्या पानावर छापली असती? जॉर्डनने ती ज्यूकबॉक्सवर वाजवली, आणि गोऱ्या मुलांनीही पाच सेंट टाकून ऐकली.

कारण त्याचं ऐकणारे दोन्हीकडे होते. १९४४ मध्ये त्याचं 'जी. आय. जाइव्ह' सर्वसाधारण, म्हणजे गोऱ्यांच्या यादीतही पहिलं आलं. दक्षिणेत तेव्हा एकाच गावात गोऱ्यांसाठी एक रात्र आणि काळ्यांसाठी वेगळी रात्र असायची. काही हॉलमध्ये मधोमध दोर बांधलेला असायचा. दोराच्या दोन्ही बाजूंना लोक त्याच दुडक्या तालावर नाचत होते.

(गाणं : सॅटर्डे नाइट फिश फ्राय, पहिली बाजू)

आता उतार. १९५१ मध्ये जॉर्डनने मोठा बँड काढला. ज्या माणसाने मोठ्या बँडचा काळ संपवला त्यानेच! चाललं नाही. १९५४ च्या सुरुवातीला डेक्का कंपनीशी त्याचं नातं संपलं. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये डेक्कानेच बिल हेली नावाच्या गोऱ्या गायकाचं 'रॉक अराउंड द क्लॉक' ध्वनिमुद्रित केलं. निर्माता कोण? मिल्ट गॅब्लर. जॉर्डनची गाजलेली गाणी ज्याने केली, तोच. गॅब्लरने पुढे मोकळेपणाने सांगितलं की जॉर्डनच्या बँडच्या सुरावटी मी हेलीच्या वादकांना गाऊन दाखवायचो. तोच शफल, तीच टाळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. त्याला आता जग रॉक अँड रोल म्हणायला लागलं.

चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' तुम्ही ऐकलं असेल. सुरुवातीचा तो गिटारचा तुकडा जगातल्या प्रत्येक गिटार शिकणाऱ्या पोराला येतो. तो १९५८ चा. जॉर्डनच्या १९४६ च्या 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन' या रेकॉर्डची सुरुवात ऐका. कार्ल होगन नावाचा गिटारवादक जवळजवळ तेच वाजवतोय. चक बेरीने हे ऋण मान्य केलं होतं. पण ऋण मान्य करणं वेगळं आणि चेक येणं वेगळं.

चेकवरून आठवलं. 'कॅल्डोनिया'वर गीतकार म्हणून नाव आहे फ्लीसी मूर, म्हणजे त्याच्या त्या वेळच्या बायकोचं. जॉर्डन एका प्रकाशकाशी कराराने बांधलेला होता, म्हणून पळवाट काढून त्याने गाणं बायकोच्या नावावर लावलं. १९४७ मध्ये भांडणात तिने त्याच्यावर चाकूने वार केले, तो वाचला, पुढे काडीमोड झाला. गाणं तिच्याच नावावर राहिलं. त्याचं सगळ्यात गाजलेलं एक गाणं आणि कागदावर तो कुणीच नाही. मी रोज कॉन्ट्रॅक्ट वाचणारा माणूस आहे. सही करताना सगळं गोड असतं, हे मी ज्यांना ज्यांना सांगतो त्यांना आता ही गोष्टही सांगतो.

पण मला वाटतं, जॉर्डनचं नाव मागे पडायला कागदांइतकंच आणखी एक कारण आहे. तो हसवायचा. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये बीबॉप आला, चार्ली पार्कर आला. तोही ऑल्टोच वाजवायचा. जॅझ ही आता बसून ऐकायची गंभीर कला झाली. ते संगीत थोरच आहे, माझं त्यावर प्रेम आहे. पण ज्यांनी इतिहास लिहिला त्यांनी हसवणाऱ्याला करमणुकीच्या खान्यात टाकून दिलं.

हे मला का लागतं ते सांगतो. माझे थोरले मामा कराडला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर पिवळ्या झालरी. शाळेत कुणी विचारलं की मामा काय करतात, तर आईने आम्हाला शिकवून ठेवलं होतं, सांगायचं, संगीत शिकवतात. मामा पहाटे उठून मागच्या पडवीत तास-दीड तास नुसते सूर लावत बसायचे. वरातीत त्यांचं लक्ष लोकांच्या पायांकडे असायचं. गर्दी दमली की लय उतरवायचे, नवऱ्याचा काका नाचायला लागला की चढवायचे. मुलीच्या पाठवणीला तेच क्लॅरिनेट असं वाजायचं की भटजीसुद्धा नाक ओढायचे. एवढं सगळं ज्याला कळतं त्याला आम्ही बँडवाला म्हणायचो. मामा २००९ मध्ये गेले. त्यांचं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. लोकांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये असेल कुठे कुठे, पण तिथे कॅमेरा नवऱ्यावर.

जॉर्डनचं नशीब एवढं बरं की त्याला ऐकणाऱ्यांत काही पोरं होती. हार्लेममध्ये एका शाळकरी मुलाने शाळेसमोरच्या क्लबबाहेर जॉर्डनचा सॅक्सोफोनसकट फोटो पाहिला आणि ठरवलं, आपल्याला हेच करायचंय. तो मुलगा सॉनी रॉलिन्स. पुढे जॅझमधला सर्वांत मोठ्या सॅक्सोफोनवादकांपैकी एक झाला आणि आपला पहिला आदर्श म्हणून जॉर्डनचं नाव घेत राहिला. रे चार्ल्सने 'लेट द गुड टाइम्स रोल' गायलं आणि पुढे आपल्या टँजरीन कंपनीसाठी जॉर्डनची रेकॉर्डही काढली. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये क्रिस बार्बरच्या बँडबरोबर त्याने दौरा केला. बी. बी. किंगने १९९९ मध्ये अख्खा अल्बम त्याच्या गाण्यांचा केला. इतिहास लिहिणारे विसरले, वाजवणारे विसरले नाहीत.

४ फेब्रुवारी १९७५ ला लॉस अँजेलिसमध्ये हृदयविकाराने तो गेला. वय ६६. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव १९८७ मध्ये लागलं. १९९० मध्ये लंडनला त्याच्या गाण्यांवर 'फाइव्ह गाइज नेम्ड मो' हे संगीतनाटक आलं, वेस्ट एंडमध्ये चार वर्षांहून जास्त चाललं, ब्रॉडवेवरही गेलं. २००८ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, अमेरिकन टपाल खात्याने 'कॅल्डोनिया' सिनेमाच्या पोस्टरचं तिकीट काढलं. त्यातलं एक मी ईबेवरून घेतलंय. माझ्या टेबलावर आहे.

आता गृहपाठ. आज घरी तीन गाणी ऐका, याच क्रमाने. आधी 'कॅल्डोनिया', बोलण्यासाठी. मग 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन', गिटारच्या सुरुवातीसाठी. आणि शेवटी 'लेट द गुड टाइम्स रोल', सगळ्यांनी मिळून ऐकायला. त्यात जॉर्डनचं म्हणणं सरळ आहे, आयुष्य एकच आहे तर आजच मजा करा. घरात टीनएजर असतील तर त्यांना नाव न सांगता ऐकवा आणि साल ओळखायला सांगा. माझ्या मुलीने १९६५ सांगितलं होतं.

तिला मी नंतर तो टॉम अँड जेरीचा भागही दाखवला. ती म्हणाली, "बाबा, याच्यात त्याचं नाव कुठे येतं?" मी म्हटलं, येत नाही. तर म्हणाली, "मग तू सांग ना लोकांना." म्हणून आजचा हा कार्यक्रम.

जाता जाता तेच गाणं लावतो. बोक्याच्या आवाजातलं नाही, मूळ, लुईस जॉर्डन आणि त्याच्या टिंपनी फाइव्हचं. तुमच्या ओळखीत कुणी बँडमध्ये वाजवणारे काका-मामा असतील, तर आज त्यांना फोन करा आणि फोनवरच काहीतरी वाजवायला सांगा. आणि रेकॉर्ड करून ठेवा.

पुढच्या रविवारी भेटू. नमस्कार.

(गाणं : इज यू इज ऑर इज यू एन्ट माय बेबी)